नाण्याला गाव असतं

गेल्या वर्षभरात नातेवाईकांचे जेवढे फोन आले, त्यातले निम्मे लग्नाच्या आमंत्रणाचे आणि उरलेले निम्मे नाण्यांचे. "आमच्याकडे राणीछाप सात रुपये आहेत, किती येतील रे?" ही धुळ्याची आत्या. "नेटवर असाच रुपया चाळीस हजाराला लावलाय, खरं असेल का भो?" हा जळगावचा मामेभाऊ. सोबत फोटो, आणि त्यात नाण्यापेक्षा धरणाऱ्याचा अंगठाच जास्त स्पष्ट. चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून तर हे फोन दुपटीने वाढलेत.

प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकावं म्हटलं. ब्लॉगवाल्या मित्रांपैकी दोघं-तिघं जुनी नाणी ऑनलाइन घ्यायला लागलेत, त्यांनाही उपयोग होईल. पण फक्त "कसं ओळखावं" एवढंच सांगायचं नाहीये. माझं एक मत आहे, आणि ते बहुतेक संग्राहकांना पटत नाही. या ऑनलाइन बाजारात नाण्याची ग्रेड सगळे विचारतात, गाव कुणीच विचारत नाही. आपल्या खानदेशातल्या नाण्यांचं खरं नुकसान तिथेच होतंय.

आधी ग्रेडबद्दल. ग्रेडिंग म्हटलं की लोकांना ते अमेरिकेहून आलंय असं वाटतं. आकड्यांची पद्धत तिकडचीच आहे. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली, आणि १९८० च्या दशकात नाणं तपासून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून देणाऱ्या कंपन्या तिथे निघाल्या. पण नाण्याची प्रत ठरवणं आपल्याकडे फार जुनं आहे. पोतदार म्हणजे खजिन्यात येणारी नाणी पारखणारा माणूस. पारख हे आडनाव तर आपल्या जळगाव-धुळ्यात गल्लोगल्ली सापडेल. पेशवाईत इतक्या टांकसाळींचे इतके रुपये चालायचे की सराफ प्रत्येक रुपया हातात घेऊन बघायचा, वाजवायचा, आणि झिजलेला किंवा परक्या टांकसाळीचा असला की त्यावर बट्टा कापायचा. नावाला बट्टा लागतो तो तिथूनच आलाय. म्हणजे ग्रेड हा शब्द नवा असेल, उद्योग आपलाच आहे.

फरक एवढाच की सराफाच्या हातात नाणं असायचं आणि आपल्या हातात मोबाइल आहे. रुपया वाजवून घ्यावा म्हणतात, पण फोटो काही वाजत नाही.

तरीही फोटोवरून बरंच कळू शकतं, विशेषतः कलदार रुपयांच्या बाबतीत. कलदार म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ पासून सगळीकडे एकसारखा रुपया सुरू केला. त्याचं वजन ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, म्हणजे सुमारे ५.८ ग्रॅम. १९४७ चा रुपया निकेलचा, त्यात चांदीच नाही. आत्या, तुझ्या सात रुपयांचा हिशेब आता तूच करू शकतेस. त्या दिवसाचा चांदीचा भाव घे आणि १०.७ ने गुण. त्याच्या खाली कुणी मागितलं तर देऊ नकोस. त्याच्या वर किती मिळेल, तो प्रश्न ग्रेडचा.

यंत्रावर पाडलेली नाणी टांकसाळीतून बाहेर पडताना एकसारखी असतात, त्यामुळे कोण किती झिजलं ते मोजता येतं. झीज आधी उंच जागी होते. राणीच्या रुपयावर मुकुट, कानाजवळचे केस आणि अंगावरच्या वस्त्राची नक्षी बघा. तिथे सपाट गुळगुळीत झालं असेल तर विकणारा काहीही लिहो, तो रुपया भरपूर बाजारहाट करून आलेला आहे. सातव्या एडवर्डच्या रुपयावर राजा बोडका आहे, तिथे कानावरचे केस बघायचे. पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावर एक छोटा हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि पुढच्या वर्षीपासून हत्ती सुधारला. म्हणून १९११ चा रुपया महाग. पण तो विकत घेताना नुसतं वर्ष बघू नका, सोंडही बघा.

उलट १८६२ चा रुपया बघून हुरळून जाऊ नका. ते वर्ष साच्यावर पुढची कित्येक वर्षं तसंच ठेवलं होतं आणि खरं वर्ष बारीक टिंबांनी दाखवायचे. दीडशे वर्षांहून जुना आहे खरा, पण रग्गड सापडतो. जुनं म्हणजे दुर्मिळ नव्हे, ही गोष्ट नातेवाईकांना पटवता पटवता माझे केस पांढरे झाले. याच्या उलट १९३९ चा चांदीचा रुपया. तो फारच थोडा चलनात आला, त्यामुळे त्याच्या नावाने खोटी नाणी खूप फिरतात. वर्षाचा शेवटचा आकडा भिंगाखाली बघितल्याशिवाय त्याला हात लावू नये.

विकणाऱ्याकडून चार गोष्टी मागून घ्याव्यात.

एक, छापा आणि काटा दोन्हींचे साध्या उजेडातले फोटो. पिवळ्या दिव्याखाली सगळीच नाणी श्रीमंत दिसतात.

दोन, कडेचा फोटो. साच्यात ओतून केलेल्या खोट्या नाण्याच्या कडेवर सांधा दिसतो, दाते बुजलेले असतात, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात.

तीन, वजनकाट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो, आकड्यासकट.

चार, नाणं हातात हळूहळू फिरवून काढलेला छोटा व्हिडिओ. न घासलेल्या नाण्यावर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. घासलेलं नाणं स्टीलच्या ताटलीसारखं सगळीकडून सारखंच चमकतं आणि नीट बघितलं तर एकाच दिशेच्या बारीक रेषा दिसतात.

हे चार द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊ नये. मध्यंतरी एका विक्रेत्याने मला कडेचा फोटो द्यायला आठ दिवस लावले आणि मग "माल गेला साहेब" असं कळवलं. तोच माल पुढच्या आठवड्यात त्याच फोटोंसह पुन्हा विकायला होता. असो.

जाता जाता फसवणुकीबद्दल दोन शब्द, कारण त्याही फोनवर येतात. वैष्णोदेवीचं चित्र असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी लाखो रुपयांना विकली जातात, ही शुद्ध थाप आहे. ती चलनातली साधी नाणी आहेत. १८१८ साल आणि राम-सीता किंवा हनुमान असलेलं "ईस्ट इंडिया कंपनीचं" नाणं कंपनीने कधी काढलंच नाही. १८१८ हे साल खानदेश इंग्रजांकडे गेल्याचं म्हणून आपल्याला जवळचं वाटतं, बाकी त्या नाण्यात काही नाही. तांदूळ ओढणाऱ्या नाण्याची गोष्ट सांगणारा भेटला तर आपणच पाय ओढून घरी यावं. आणि "रिझर्व्ह बँकेची परवानगी काढायला आधी फी भरा" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवावा. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट सांगितलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण त्यासाठी कमिशन घेत नाही.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. पुढचं वादाचं.

ग्रेड म्हणजे काय? नाणं टांकसाळीतून बाहेर पडलं त्या दिवसाच्या ते किती जवळ आहे, एवढंच. सत्तरपैकी सत्तर मिळालेलं नाणं म्हणजे ज्याने कधी बाजार बघितला नाही असं नाणं. मशीनच्या रुपयाला ही पट्टी ठीक आहे. पण आपल्याकडच्या जुन्या नाण्यांना तीच लावली की गडबड होते.

चांदवडी रुपया घ्या. चांदवड म्हणजे होळकरांचं ठाणं, अहिल्याबाईंचा रंगमहाल आहे ते. तिथल्या टांकसाळीचा रुपया खानदेशात घरोघरी चालायचा. मजकूर फारसी, नाव मुघल बादशहाचं, आणि टांकसाळीचं नाव "जाफराबाद उर्फ चांदोर". ही नाणी हाताने घाव घालून पाडलेली. साचा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे अख्खा मजकूर कधीच उमटत नाही. एखादी बाजू कोरी दिसते ती झिजल्यामुळे नव्हे, घाव तिरका बसल्यामुळे. फोटो बघून कुणी त्याला "कमी ग्रेड" म्हणतो तेव्हा तो पाडणाऱ्या कारागिराच्या चुकीची किंमत नाण्याच्या आयुष्यातून कापत असतो. अशा रुपयात बघायचं ते हे की टांकसाळीचं नाव किती आलंय, वर्ष आलंय का. म्हणजे गावच बघायचं!

मग सराफांच्या खुणा. रुपया आतपर्यंत चांदीचा आहे का हे बघायला सराफ त्यावर बारीक टाचा मारायचे. आज त्या टाचांमुळे किंमत उतरते. मला विचाराल तर ती त्या काळची ग्रेडच आहे, कागदावर न लिहिता नाण्यावर मारलेली.

याहून मोठं उदाहरण शेजारच्या नाशिक जिल्ह्यातलं. १९०६ मध्ये जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा मारलेली होती. खालचा राजाचा चेहरा अर्धवट, वरची चिन्हं वेडीवाकडी. सुटं एक नाणं आजच्या संग्राहकाला दाखवा, "खराब झालंय" म्हणेल. पण सातवाहनांनी नहपानाला हरवलं याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसरा नाही. आणि तो पुरावा झाला तो कशामुळे? सगळी नाणी एका ठिकाणी, एका साठ्यात सापडली आणि ते ठिकाण नोंदलं गेलं म्हणून. हीच तेरा हजार नाणी एक-एक करून, "चांदीचं प्राचीन नाणं, उत्तम स्थिती" असं लिहून विकली गेली असती तर आपल्या हाती फक्त तेरा हजार फोटो उरले असते.

माझं म्हणणं नेमकं हेच आहे. ऑनलाइन जाहिरातीत नाण्याचं वजन असतं, धातू असतो, ग्रेड असते. कुठे सापडलं, कुणाच्या घरातलं, हा रकानाच नसतो. शिरपूर-थाळनेरकडच्या शेतात नांगराला लागलेली नाणी आधी तालुक्याच्या गावी जातात, मग शहरात, मग दूरच्या व्यापाऱ्याकडे. तिथून ती नेटवर येतात तेव्हा त्यांचं थाळनेर गळून पडलेलं असतं. थाळनेर म्हणजे फारुकी सुलतानांची जुनी राजधानी. तिथल्या मातीत कोणत्या टांकसाळीचं नाणं निघतं, बुऱ्हाणपूरचं की गुजरातचं की माळव्याचं, यावरून त्या काळी व्यापार कुठून कुठे चालायचा हे कळू शकतं. एकदा गाव गेलं की ते कायमचं गेलं. ग्रेड उद्याही ठरवता येते, गाव ठरवता येत नाही.

माझा एक संग्राहक मित्र यावर म्हणतो, "गावाला भाव दिला तर विकणारे उद्या खोटी गावं लिहायला लागतील." बरोबर आहे त्याचं. लिहितीलच. शिवकालीन होन म्हणून पितळ विकणाऱ्याला "रायगडाच्या पायथ्याशी सापडला" असं लिहायला काय लागतं? म्हणून मी म्हणत नाही की विकणाऱ्याने सांगितलेल्या गावाला जास्त पैसे मोजा. मी म्हणतो, गाव विचारा, उत्तर काय आलं ते तारखेसह लिहून ठेवा, आणि "शेतात सापडलं" असं उत्तर आलं तर ते नाणं घेऊ नका.

शेवटचं मुद्दाम सांगतोय. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. न कळवणं हा गुन्हा आहे. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही, हा १९७२ चा कायदा. परदेशातल्या भाच्या-पुतण्यांनो, "काका, कुरियरने पाठवा ना" हा हट्ट म्हणूनच पुरवता येणार नाही :) कायदा आहे, पण शेतकऱ्याला त्याची भीतीच जास्त वाटते. आपलं शेत खणून काढतील, चौकशीला बोलावतील, हाती काही येणार नाही असं त्याला वाटतं. खरं तर सरकारने नाणी ठेवून घेतली तर मोबदला देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. पण हे त्याला कुणी सांगत नाही, आणि व्यापारी रोख पैसे घेऊन दारात उभा असतो. हा दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. विनागावाची नाणी बिनप्रश्न विकत घेणाऱ्या आपल्यासारख्यांचाही आहे.

शेतातल्या नाण्यांबद्दल आपण एवढंच करू शकतो. पण घरातल्या नाण्यांबद्दल पुष्कळ करता येईल, आणि तो माझ्या आत्या-मावश्यांचा विषय आहे.

लक्ष्मीपूजनाला तबकातले रुपये चिंच, राख, नाहीतर दात घासायच्या पावडरीने लख्ख करायची आपल्याकडे पद्धत आहे. संग्राहक हे ऐकून छाती पिटतात. घासलं की वरचा थर जातो, ग्रेड पडते, हे खरंच आहे. पण मी कुणाच्या देवघरात जाऊन हे करू नका म्हणणार नाही. ते रुपये विकण्यासाठी ठेवलेलेच नव्हते, पुजण्यासाठी ठेवले होते. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. पूजेचे चार रुपये वेगळे काढा, ते खुशाल घासा, बाकीच्यांना हात लावू नका. आणि जे वर्षानुवर्षं घासलेत ते विकायला नेलेत आणि सराफाने फक्त चांदीचा भाव दिला, तर त्याच्यावर चिडू नका.

तसंच टाके मारलेल्या रुपयांचं. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल बायकांच्या गळ्यात रुपयांच्या माळा असतात. आपल्याही जुन्या घरांतून कडी लावलेले रुपये निघतात. बाजारात "टाका काढलेला" म्हणजे मोडीच्या दराचा. पण अख्खी माळ जर अजून शाबूत असेल तर ती तोडून सुटे रुपये विकू नका. सुट्या रुपयाला टाक्याची खोट, माळेला मात्र तीच ओळख. कुणाची होती, कुठल्या बाजारात ओवून घेतली, लग्नात कुणी घातली, हे घरात कुणाला तरी अजून आठवत असेल. ते माणूस ऐंशीच्या पुढचं असेल तर हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका.

नाण्यांचं काय करावं हे कळत नसेल तर विकण्याआधी दाखवून घ्या. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच गेले आणि पुढच्या वर्षी मंडळ उभं राहिलं. जुने कागद आणि जुन्या वस्तू म्हणजे काय हे ओळखणारी माणसं तिथे भेटतात. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. अंजनेरीचंच एक गंमतशीर सांगतो. तिथे आठव्या शतकातला एक ताम्रपट मिळालाय, त्यात "कृष्णराज रूपक" या नाण्यांचा उल्लेख आहे. कृष्णराज हा कलचुरी राजा सहाव्या शतकातला. म्हणजे राजा जाऊन दीडएकशे वर्षं झाली तरी लोक त्याच्या नाण्याला त्याच्या नावाने ओळखत होते. कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून आपल्याला हे कळलं.

तेवढंच मागणं आहे. एक साधा कागदी लिफाफा घ्या, प्लास्टिकचा नको. एका लिफाफ्यात एकच नाणं किंवा एकाच घरातून आलेली नाणी ठेवा. वर शाईने लिहा: कुणाचं, कुठल्या गावचं, घरात कधीपासून, कुणी सांगितलं, आजची तारीख. माहीत नसेल तिथे "माहीत नाही" असंच लिहा, अंदाज लिहू नका. मग विकायचं तर विका. घर चालवायला चांदी विकावी लागते, त्यात लाज कसली. फक्त विकताना लिफाफा नाण्याबरोबर द्या, आणि त्याची एक नक्कल आपल्याकडे ठेवा.

आत्या, तुझे सात रुपये कुठून आले ते मला अजून सांगितलं नाहीस. भाव नंतर बघू.